मंडईतला तिसरा बॉल

कार्तिक लागला की मला माणसांचा राग यायला लागतो. इतर महिने मी बरा असतो, विचारा कोणालाही. धानाचे पऱ्हे टाकतो, रोपांची रोवणी करतो, साकोलीला बाजाराला गेलो तर ओळखीच्या चार जणांशी चार शब्द बोलतो. पण दिवाळी सरते, धान पिवळं पडतं, सकाळी शेताच्या बांधीत पाय टाकला की दवाने पोटऱ्या भिजतात, आणि कुठून तरी भोंग्याचा आवाज येतो. मंडईची जाहिरात करणारा रिक्षा गावोगाव हिंडत असतो. तो आवाज कानावर पडला की आधी माझा उजवा खांदा जागा होतो आणि मग मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीनंतर आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, आज या गावात, उद्या त्या गावात. ही एका दिवसाची जत्रा. तिला देव नसला तरी चालतो, पाहुणे मात्र लागतात. उकडलेले शिंगाडे, उसाच्या कांड्या, जिलेबी, बांगड्यांची दुकानं, भर दुपारी दंडारीचं नाचगाणं आणि रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी तिथेच ठरतात. सगळं जग त्या दिवशी खूश असतं. मी घरात दार लावून बसतो आणि भोंगा माझ्या दारातून आत येतो.

यंदा तर भोंग्याच्या आधी माणसंच आली. हेमराज आणि त्याच्यामागे समितीचे दोघे. हेमराज म्हणजे आमच्या मंडईचा अध्यक्ष, निवेदक, पंच, सगळं तोच. गावच्या नाटकात तीस वर्षं खलनायक करतो, त्यामुळे साधं पाणी मागतानाही त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. खाटेवर बसला, चहा घेतला, निमंत्रणपत्रिका माझ्या हातात ठेवली.

“देवाभाऊ, यंदा पुन्हा फुटबालचे सामने ठेवले. लय वर्षांनं. उद्घाटन तुमच्याच हातानं.”

“मी नाई येत.”

“तसा नका करू गा. भाषण नाई, काई नाई. गोलात उभं रायाचा आन एक बाल अडवाचा. फक्त एक. लोकायले तेवढाच पायजे.”

“चहा झाला असन तं निघा आता,” मी म्हणालो.

तो हसत उठला. खलनायक असल्यामुळे त्याला अपमानाची सवय आहे. जाताना अंगणात माझा मोठा भाऊ भेटला, त्याला म्हणाला, “मोरेश्वरभाऊ, तुमी सांगा त्यायले.” दादा या विषयावर कधीच काही बोलत नाही. अकरा वर्षं झाली, मी गावाला शिव्या देतो आणि तो विळ्याला धार लावतो.

फक्त एक. हेच शब्द मी अकरा वर्षांपूर्वी ऐकले होते, याच तोंडातून.

मी गोलकीपर होतो. पोटापाण्याला गोलकीपर होतो, नऊ वर्षं. हे सांगितलं की आमच्याकडे लोक विचारतात, “म्हंजे खेळत नोयते का?” कारण त्यांच्या लेखी जो पळत नाही तो खेळत नाही. क्लबचं नाव मी घेत नाही, त्यांनीही माझं घेणं सोडलंय.

मला कीपर कोणी केलं असं पत्रकार विचारायचे, म्हणजे एकाने एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, पुंजण्याने. त्याला कळलं नाही, त्याने दुसरंच काहीतरी छापलं. धान कापलं की त्याचे भारे बांधतात आणि खळ्यावर एकावर एक रचून उंच ढीग करतात, तो पुंजणा. मळणी होईपर्यंत धान तिथे राहतं. पुंजणा रचायला दोन माणसं लागतात. एक खालून भारा फेकतो, दुसरा वर उभा राहून झेलतो आणि कणसं आत, बुडखे बाहेर करून लावतो. आमच्या घरी दादा फेकायचा आणि मी झेलायचो. भारा अंगावर येतो तो सरळ येत नाही, गिरक्या घेत येतो. बोटं पसरायची, कोपर आत घ्यायचे, छातीशी ओढायचा आणि ओढता ओढता त्याचा जोर मारून टाकायचा. पाय सरकला तर बारा हात खाली. मानेत धानाची टोकेरी कूस जायची, दिवसभर खाज सुटायची, हात वर करून खाजवायचीही सोय नसायची कारण पुढचा भारा निघालेला असायचा. पुढे नागपूरच्या निवड शिबिरात मी पहिल्यांदा गोलात उभा राहिलो तेव्हा तिथले सर म्हणाले, याला हात कोणी शिकवले. मी म्हणालो, दादाने. ते म्हणाले, कुठे खेळतो तुझा दादा? मी म्हणालो, खेळत नाही, धान फेकतो. सगळे हसले. मला राग आला होता, अजून येतो.

क्लबमध्ये मी दुसरा कीपर होतो. हे दोन शब्द नीट समजून घ्या, कारण माझं सगळं आयुष्य त्यात आहे. दुसरा डिफेंडर, दुसरा फॉरवर्ड यांना काहीतरी मिळतं, शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. दुसऱ्या कीपरला काही मिळत नाही. पहिला कीपर थकत नाही, कारण तो पळत नाही. तुम्ही त्याच्याइतकाच सराव करायचा, त्याच्याइतकंच चिखलात लोळायचं, सामन्याआधी त्याच्या हातात बॉल मारून त्याचे हात गरम करून द्यायचे आणि मग बाकावर जाऊन बसायचं. मी सात वर्षं बसलो. वीस हजार माणसं मैदानात ओरडत असायची आणि त्यातल्या एकाचंही माझ्याकडे लक्ष नसायचं. टीव्हीवर सामना असला की गावात लोक रिमोट घेऊन बसायचे. माय फोनवर विचारायची, “तू दिसला नाईस गा?” मी म्हणायचो, कॅमेरा दुसरीकडे होता.

त्या पहिल्या कीपरचा मी किती द्वेष करायचो ते मी कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहितो. माणूस वाईट नव्हता. मला त्याचे जुने ग्लोव्ह्ज द्यायचा, जेवताना शेजारी बसवायचा. त्यामुळे तर जास्तच. रोज सकाळी उठून मी मनात म्हणायचो, याचं काहीतरी व्हावं. फार मोठं नको, एखादं बोट जावं. आणि अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, सरावात त्याचा गुडघा गेला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो. आवाज ऐकला. धावत गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि आतून मी नाचत होतो.

आमच्या कीपर कोचने मला खोलीत बोलावलं. कुठल्याशा देशांच्या सामन्यांमुळे लीग दोन आठवडे बंद होती. तो म्हणाला, घरी जाऊन ये, दिवाळी कर, परत आलास की पुढचा सामना तुझा. फक्त पुढचा नाही, उरलेला सगळा हंगाम तुझा. मग दारापर्यंत येऊन तेच बोलला जे तो सात वर्षं बोलत आला होता, “जो बाहर जा रही है, उसे जाने दे. कूदना तो सबको आता है.”

हे वाक्य आमच्या धंद्याचं सार आहे, त्यामुळे थोडं समजावून सांगतो. कीपरला खांब बघावे लागत नाहीत. पाठीला कळतं डावा खांब कुठे आहे, उजवा कुठे. बॉल निघाला की डोळ्यांच्या आधी पाठ सांगते, हा आत येतोय, हा बाहेर चाललाय. बाहेर जाणाऱ्या बॉलवर कच्चा कीपर झेपावतो. पक्का नुसता उभा राहतो, हात खाली, आणि बॉल जाऊ देतो. लोकांना वाटतं हा वाचला. तो वाचलेला नसतो, त्याला ठाऊक असतं. सात वर्षांत मी दुसरं काही शिकलो नसेन, पण हे शिकलो होतो.

तर असा मी त्या कार्तिकात गावी आलो. साकोलीला बसमधून उतरलो तर चहाच्या टपरीवरच्या माणसाने मला ओळखलं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. दोन आठवड्यांनी ओळखेल म्हटलं. दादा मोटरसायकल घेऊन आला होता. दोन्ही बाजूंनी कापणी चालली होती, कापलेल्या धानाच्या कडपा बांधीबांधीत उन्हाला पसरलेल्या होत्या, आणि त्या वाळत्या धानाचा गोडसर वास हायवेपासून घरापर्यंत सोबत आला. मी मागे बसून दादाला सगळं सांगितलं. वाऱ्याने त्याला अर्धंच ऐकू गेलं असणार. तो एवढंच म्हणाला, “म्हंजे आता टीव्हीवर दिसशीन तं.”

“दिसन,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी बांधीत उभा असताना भोंगा ऐकला. “पहा, पहा, पहा. आपल्या मंडईत प्रथमच. इंडियाचा गोलकीपर, आपल्या मातीचा वाघ, देवाभाऊ.” आवाज हेमराजचा. मला विचारलं नव्हतं. मी इंडियाकडून कधी खेळलो नव्हतो. क्लबच्या करारात साफ लिहिलं होतं की बाहेर कुठेही, कसलाही सामना खेळायचा नाही. मी तसाच धुळीच्या पायांनी हेमराजच्या घरी गेलो.

“कायले माह्या नाव घेतला?”

“देवाभाऊ, तीन गावात फिरला रिक्षा. आता नाई म्हनाल तं लोक मले जोड्यानं मारतीन.”

“मारू दे. क्लबले समजला तं मले काढून टाकतीन.”

“क्लबवाले कायले येतात गा इथं मंडईले?” तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. “फक्त एक डाव. पाच मिनिटं उभे राहा आन मोकळे व्हा.”

घरी येऊन मी खूप आरडाओरडा केला. माय म्हणाली, एवढे लोक मानून राहिले तर जाय. दादा म्हणाला, “तुले जाचा नसन तं नको जाऊ.” हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. गावाने मला ओढून नेलं असंच मी सांगत आलो.

मैदान म्हणजे कापणी झालेल्या तीन बांध्या. मधले धुरे, म्हणजे बांध, फावड्याने सपाट केले होते. गोलाला बांबूचे खांब, आणि जाळं म्हणून मासे धरायचं खरं जाळं, त्याला शेवाळाचा वास येत होता. एका गोलामागचा धुरा तसाच ठेवला होता, कारण त्यावर बसायला जागा होते. खाली वाळलेली काळी माती, दगडासारखी, आणि त्यातून धानाची धसकटं वर आलेली. आणि माझ्यासाठी, खास माझ्या अंगाला लागू नये म्हणून, त्यांनी गोलासमोर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली होती. वीतभर जाड, पिवळीजर्द, नवी तणीस. तिच्यावर हात फिरवून हेमराज म्हणाला, “गादी केली तुमच्यासाठी.” मी कीपर आहे, जमीन लपवणारी कुठलीही गोष्ट मला आवडत नाही. पण तो एवढा खूश होता की मी गप्प बसलो, याचाही मला राग आहे.

दुपारचे तीन वाजले असतील. एवढी माणसं मी आमच्या शिवारात कधी पाहिली नव्हती. धुऱ्यावर, ट्रॉलीवर, आंब्यावर, आमच्याच पुंजण्यावर. बाया डोक्यावर पदर घेऊन बांधाला बसलेल्या, शिंगाडे सोलत. दंडारवाले रंग लावलेल्या तोंडांनी आले होते. आणि सगळे, अगदी सगळे, माझ्याकडे बघत होते. पंधरा जण बॉलच्या मागे धावत होते, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी नुसता खाली वाकून मोजा नीट केला तरी धुऱ्यावरून आवाज उठायचा. मला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही.

बराच वेळ माझ्याकडे बॉलच आला नाही. लोक कंटाळू लागले. मग पंच हेमराजने, भोंग्याचा माईक एका हातात आणि शिट्टी दुसऱ्या हातात, कारण नसताना पेनल्टी दिली. मारायला शेजारच्या गावचा परसराम. हा ट्रॅक्टर चालवायचा. फुटबॉल त्याला येत नव्हता, पण पायात जोर होता. त्याने उजव्या बाजूला मारला, मी झेपावलो, दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि तणसावरून घसरत खांबापर्यंत गेलो. आणि मग तो आवाज आला.

“वन्स मोर.”

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत काय होतं ते बाहेरच्यांना खोटं वाटेल. नायक मरतो. चांगला मरतो. लोक म्हणतात वन्स मोर. मग मेलेला नायक उठतो, धोतराची धूळ झटकतो, प्रेक्षकांना नमस्कार करतो आणि पुन्हा मरतो. त्याची बायको पुन्हा तेच रडते. कोणालाही यात काही वावगं वाटत नाही, उलट नाही म्हटलं तर माजला म्हणतात. त्या दिवशी धुऱ्यावरच्या दोन हजार लोकांनी फुटबॉलच्या सामन्यात वन्स मोर मागितला, आणि हेमराजने, जो दर मंडईच्या रात्री स्टेजवर लोकांच्या मागणीनुसार खून करत आला होता, वन्स मोर दिला. बॉल पुन्हा ठेवला. दोन्ही संघ निमूट बाजूला झाले. फुटबॉल शोधून काढल्यापासून जगात कुठे असं झालं नसेल.

परसराम बिचारा घाबरला. बॉलपाशी येऊन मला म्हणाला, “अजून एक डाव मारू का भाऊ? नको म्हनत असान तं नाई मारत.”

मी त्याला काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “मार.”

दुसराही त्याच बाजूला आला, जरा खाली. मी तो नुसता अडवला नाही, धरला. छातीशी ओढून, भाऱ्यासारखा. पुन्हा वन्स मोर. ढोल वाजायला लागले. तणीस माझ्या दोन झेपांनी सरकून खांबाच्या बाजूला काळी जमीन उघडी पडली होती. ती मला दिसली. मी पायाने तणीस ओढून नीट करू शकलो असतो, एवढा वेळ होता. पण लोक थांबले होते.

तिसरा बॉल परसरामने मारला. उजवीकडे, उंच. मी उडी मारली. गाव आजही सांगतं की मी तो बोटांनी वरून काढला. गोल झाला नाही, एवढं खरं. मी खाली आलो तो उघड्या जमिनीवर, हात अंगाखाली वाकडा, आणि खांदा जागेवरून निघाला तो मला स्वच्छ ऐकू आला. दिवाळीच्या आधी मी असाच एक आवाज ऐकला होता.

ओरडलो मी. पण ढोलांत कोण ऐकतो. लोक धावत आले, गुलाल उधळला, मला उचलून खांद्यावर घेतलं. आणि कोणीतरी, कोणी ते मला कधीच कळलं नाही, माझा उजवा हात मनगटाला धरून विजयाचा हात म्हणून वर केला. तसाच धरून त्यांनी मला अख्ख्या मंडईत फिरवलं. जिलेबीच्या दुकानांवरून, बांगड्यांवरून. मी रडत होतो. हेमराज भोंग्यावर सांगत होता, “पहा, देवाभाऊच्या डोळ्यात आनंदाश्रू.” एकट्या दादाला कळलं. तो लोकांच्या पाठीवर गुद्दे मारत, शिव्या घालत आत शिरला आणि मला खाली ओढलं.

नागपूरच्या डॉक्टरने एक्स-रे पाहून विचारलं, खांदा निघाल्यावर हात कोणी ओढला का? तिथून पुढे अकरा वर्षं मी हे वाक्य घेऊन जगलो. ओढला. गावाने ओढला. ऑपरेशन झालं, आतून सगळं फाटलं होतं. क्लबला आधीच कळलं होतं, कारण कोणीतरी ती पूर्ण मिरवणूक मोबाईलवर काढून सगळीकडे पाठवली होती. कीपर कोचने एकदा फोन केला. शिव्या देईल वाटलं, पण त्याने एवढंच विचारलं, “बॉल अंदर थी या बाहर?” मी म्हणालो, लक्षात नाही. पहिल्या सामन्याला तिसरा कीपर उभा राहिला. त्या रात्री त्याने मला फोन केला, लवकर बरा हो, तुझ्याशिवाय करमत नाही. मला तो आवाज लगेच ओळखू आला. पहिल्या कीपरच्या उशाशी बसून मी तोच आवाज काढला होता.

नंतर दोन वर्षं लहानसहान क्लबांत काढली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही असा कीपर म्हणजे छप्पर नसलेलं घर. शेवटी परत आलो. आता शेती करतो. बांध्यांत हार्वेस्टर येतो आणि तासाभरात सगळं उरकतो. पण हार्वेस्टरने तणसाची नासाडी होते, म्हणून बैलांच्या वैरणीसाठी दादा दोन बांध्या अजून हाताने कापतो आणि छोटा पुंजणा रचतो. फेकणं मला जमत नाही. झेलणं जमतं, छातीशी आलेलं. म्हणून वर मी आणि खाली दादा, पहिल्यासारखेच. फरक एवढाच की तो आता भारा जपून फेकतो, माझ्या डाव्या अंगाला.

हेमराज येऊन गेला त्याच दिवशी ऊन कलताना आम्ही पुंजणा रचत होतो. लांब भोंगा वाजत होता. माझी टकळी सुरू होती.

“एक बाल अडवा म्हनते. लाज नाई वाटत. या गावानं माह्या खांदा खाल्ला. सात वर्ष मी कुत्र्यावानी बसलो होतो, आन माह्या हातात आलेला यायनं खाल्ला. त्या हेमराजले नाई, त्या परसरामले नाई, एकालेबी येऊन म्हनता आला नाई का आमचा चुकला. वन्स मोर म्हने. तुले सांगतो दादा, या लोकायले...”

“बाल बाहेर जाऊन रायला होता,” दादा म्हणाला.

मी थांबलो. त्याच्या हातात भारा होता, त्याने तो फेकला नव्हता.

“परसरामनं जानून बाहेर मारला होता,” तो म्हणाला. “खेळ मिटावा मून. मी मांगच बसलो होतो, धुऱ्यावर. खांबाच्या दोन हात बाहेरून गेला. तुहा हात लागलाच नाई त्याले.”

भोंगा वाजत होता. मानेत कूस गेली होती, मी खाजवली नाही.

“मले मालूम होता,” मी म्हणालो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बॉल त्याच्या पायातून सुटला तेव्हाच माझ्या पाठीने सांगितलं होतं, हा बाहेर. उभा राहा. हात खाली. आणि समोर दोन हजार माणसं श्वास रोखून उभी होती, माझ्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा.

“तुले मालूम होता, हेबी मले मालूम होता,” दादा म्हणाला.

“मंग इतके वर्ष बोलला काहून नाई?”

त्याने भारा दुसऱ्या हातात घेतला. “तू गावाले शिव्या देत होतास. देऊ दे म्हटला. गाव मोठा हाये, त्याले का फरक पडते. सोसून घेते. तुले नसता सोसला.”

त्या क्षणी मला दादाचा जेवढा राग आला तेवढा गावाचा कधी आला नव्हता. खाली उडी मारून त्याची गचांडी धरावी असं वाटलं. अकरा वर्षं मी ज्यांना घालूनपाडून बोललो ते सगळे मला एकदम आठवले, चहा पिऊन हसत गेलेला हेमराज, रस्त्यात मला पाहून ट्रॅक्टर हळू करणारा परसराम. गावावरचा हा राग, एवढंच माझ्यापाशी होतं, आणि तेही दादाने काढून घेतलं.

“फेक,” मी म्हणालो.

त्याने भारा फेकला. नेहमीसारखा डाव्या अंगाला नाही, सरळ छातीवर. मी बोटं पसरली.